घरी बांधलेल्या गाडीला मास्टर सिलिंडर कुठला लावू? (बडोदा)

सूरसागर · ११ जानेवारी, रात्री १०:२०

मंडळी, नमस्कार. दोन वर्षं झाली, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक गाडी बांधतोय. उघडी, दोन सीटची, लोटस सेव्हनच्या धाटणीची. इंग्लंडमध्ये १९५७ साली निघालेली ती मूळ गाडी लोक सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडायचे, कारण तशी घेतली की तिथला पर्चेस टॅक्स लागत नसे. आपल्याकडे तसं किट काही हाताशी नाही, त्यामुळे २५ मिमीच्या चौकोनी पाइपची फ्रेम मीच वेल्ड केली. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल ओम्नीचा आहे. ७९६ सीसीचं हे इंजिन गाडीच्या लांबीत बसतं आणि मागची चाकं ओढतं, म्हणून या कामाला सोयीचं. पुढचे हब, डिस्क, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) आणि बूस्टरसकट मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑईलवर दाब आणणारा) मात्र एका हॅचबॅकचे आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ती इथल्याच अकोटा भागातल्या एका बेसमेंटमध्ये तीन दिवस बुडून होती, नंतर भंगारात निघाली.

वजनकाट्यावर गाडी ५६० किलो भरली, मी न बसता. पुढे २७०, मागे २९०.

आता ब्रेकपाशी येऊन थांबलोय. बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा डबा, बसत नाही. बरोबर त्याच्या जागेतूनच स्टिअरिंगचा कॉलम जातो. गाडी हलकी आहे, त्यामुळे बूस्टरशिवाय भागावं असं वाटतं. सिलिंडरच्या अंगावर ओतकामातच १३/१६ (इंच) असा व्यासाचा आकडा उठलेला आहे. हाच लावू, की ३/४ इंची घेऊ? ओळखीच्या एका मेकॅनिकचं म्हणणं, सरळ १ इंची लाव, जेवढा मोठा सिलिंडर तेवढा ब्रेक जास्त. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही. इंजिन बंद पडलं तर ढकलत आणेन. ब्रेकच्या बाबतीत अंदाजाने काही करायचं नाही, म्हणून इथे विचारतोय.

ग्वाल्हेर_जिप्सी · ११ जानेवारी, रात्री ११:०५

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. इंजेक्शनच्या दोन सिरिंज घ्या, एक जाड, एक बारीक, पाणी भरा आणि दोन्हींच्या तोंडावर बोट दाबून धरा. अंगठ्याचा जोर तोच ठेवलात तर बारीक सिरिंजचं पाणी बोट ढकलून बाहेर येईल, जाड सिरिंजचं येणार नाही. जोर भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब. मास्टर मोठा केला की त्याच पायाने दाब कमी मिळतो आणि पेडल दगडासारखं लागतं. लोकांना ते घट्ट पेडल आवडतं, म्हणून "ब्रेक जोरात आहे" असा समज होतो. बारीक सिरिंजचा दट्ट्या मात्र लांबवर दाबावा लागतो, त्याचा हिशोब वेगळा.

माझ्या जुन्या जिप्सीवर एका गॅरेजवाल्याने असाच मोठा मास्टर चढवला होता. किल्ल्याचा उतार उतरताना पहिल्या वळणावर जे कळायचं ते कळलं. परत आल्या आल्या काढून टाकला.

निवृत्त_फिटर · १२ जानेवारी, सकाळी ६:४०

व्यास नंतर बघू. आधी तो सिलिंडर उघडा.

३४ वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकच्याच सेक्शनला होतो. पुरातून आलेल्या गाडीचं इंजिन धुऊन पुसून चालतं, सीटा वाळवता येतात. हायड्रॉलिकचा कुठलाही भाग मात्र उघडून बघितल्याशिवाय लावू नये. ब्रेक ऑईल पाणी ओढतं, तो त्याचा स्वभावच आहे. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी ओढून घेतलं की १४० ला. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. बडोद्याच्या पावसाळ्यात नुसती टाकी उघडी राहिली तरी ऑईल खराब होतं; तुमचा तर पाण्याखाली होता, आणि विश्वामित्री नदीचं ते पाणी म्हणजे गाळ, ड्रेनेज, सगळंच.

पिस्टन मागे बसलेला असताना सील जिथे टेकतं, त्याच्या जरा पुढचा भाग टॉर्च मारून बघा. नख फिरवून बघा. नख अडलं तर विषय संपला.

वाचनमात्र · १२ जानेवारी, सकाळी ९:१५

धागा फार आवडला, वाचतोय. एक शंका: अशा गाडीचं पासिंग होतं का?

सूरसागर · १२ जानेवारी, दुपारी १:३०

नाही. नवीन गाडी रस्त्यावर आणायची तर तिच्या नमुन्याची केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ प्रमाणे चाचणी संस्थेकडून तपासणी लागते. एकट्या माणसाच्या आवाक्यातली ती गोष्ट नाही. नोंदणी झालेल्या गाडीत वाटेल ते बदल करायलाही १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणून ही गाडी रस्त्यावर जाणार नाही. मकरपुऱ्याला मित्राचा कारखाना आहे, आत सिमेंटचं मोठं आवार आहे, तिथेच चालवणार. बंद आवारातही भिंत असते आणि माणसं असतात, त्यामुळे ब्रेकचा प्रश्न तेवढाच गंभीर आहे.

सूरसागर · १२ जानेवारी, रात्री ९:५०

फिटरकाका, उघडला.

सर्क्लिप काढली तर पहिला पिस्टन आपण होऊन बाहेर यायला हवा होता, स्प्रिंग असते आत. आलाच नाही. बाहेर जाणारं भोक सायकलच्या पंपाने फुंकलं तेव्हा चहाच्या गाळासारखं काहीतरी तपकिरी आलं आणि मग पिस्टन निघाला. आतलं अ‍ॅल्युमिनियम पुसलं, टॉर्च मारला. तुम्ही म्हणालात त्याच जागी पांढरट, खरबरीत कडं आहे, पूर्ण गोल, आणि त्यात मोहरीएवढे तीन खड्डे. नख अडतंच, पण मला तर डोळ्यांनीही दिसतात. रबराचं सील बोटात धरून वाकवलं तर ओठाला चीर दिसली.

रिपेअर किट विचारायला स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गेलो होतो. त्यांनी सिलिंडर उजेडाकडे धरला, परत हातात दिला आणि म्हणाले, "साहेब, आ तो फेंकी ज दो."

होनिंग करून (आतून घासून गुळगुळीत करून) काही होईल का?

निवृत्त_फिटर · १३ जानेवारी, सकाळी ६:१०

नाही. बिडाचा असता आणि नुसते ओरखडे असते तर हलका होन फिरवता येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरला कडक थर दिलेला असतो. होन फिरवला की तो थरच जातो, मग सील आठवड्याभरात खरवडून निघतं. दुकानदाराने खरं सांगितलं. तो सिलिंडर कापून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागायचा नाही.

कॅलिपरही त्याच गाडीचे आहेत ना? त्यांचेही पिस्टन काढा.

कलाभवन · १३ जानेवारी, रात्री ८:००

सिलिंडर नवाच घ्यायचा हे ठरलं, तर व्यास गणिताने ठरवू. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनातच मी हे गणित शिकलो. सूत्रं चारच आहेत, सुरुवात मात्र चाकापासून करायची आणि पायापर्यंत यायचं. बहुतेक लोक उलटं करतात: हातात आलेला सिलिंडर लावतात आणि मग बाकी सगळं त्याला जुळवत बसतात.

सूरसागर, मला एवढं मोजून द्या: कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास, मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरचा व्यास, डिस्कवर पॅडची मधली रेषा केंद्रापासून किती लांब, चाकाची त्रिज्या, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, आणि पेडलचे दोन्ही हात.

सूरसागर · १४ जानेवारी, रात्री ११:३०

उत्तरायण असूनही मोजमापं पूर्ण केली, आज गच्चीवर घरातले सगळे होते आणि मी खाली व्हर्नियर घेऊन. कॅलिपरचा पिस्टन ४८ मिमी, प्रत्येकी एकच, सरकता कॅलिपर. फिटरकाका, दोन्ही पिस्टन काढले, ते आणि सीलची खाच स्वच्छ आहेत, नवी सीलं टाकतोय. मागचा व्हील सिलिंडर १७.५ मिमी, दोन बाजूंना दोन पिस्टन. पॅडची मधली रेषा ८५ मिमीवर. चाकाची त्रिज्या, भार असताना, २७० मिमी. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २.३० मी. पेडल पिनपासून पायापर्यंत २५० मिमी, पिनपासून पुशरॉडपर्यंत (सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा दांडा) ६२ मिमी.

कलाभवन · १५ जानेवारी, रात्री ९:१०

छान. तुमच्यासह ६४० किलो धरतो. ०.८ जी एवढं मंदन (वेग कमी होण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) हवं, कोरड्या सिमेंटवर साध्या टायरला ते झेपतं. ब्रेकचा एकूण जोर लागेल साधारण ५,०२० न्यूटन. ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं. गुरुत्वमध्य ४५ सेंमी उंचीवर धरला तर सुमारे ९८० न्यूटन पुढे जातात आणि पुढच्या चाकांच्या वाट्याला ६४ टक्के काम येतं, म्हणजे ३,२०० न्यूटन. गुणिले त्रिज्या, भागिले दोन चाकं: प्रत्येक पुढच्या चाकावर ४३२ न्यूटन-मीटर.

४८ मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ १,८१० चौमिमी. पॅडचं घर्षण ०.३८ धरलं, पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात म्हणून गुणिले दोन, हात ८५ मिमीचा. यातून दाब येतो ३.७ मेगापास्कल, म्हणजे ३७ बार. एवढा दाब तुमच्या पायाने तयार व्हायला हवा. बाकी सगळं या आकड्याभोवती फिरतं.

आता व्यास. १३/१६ इंचाचं क्षेत्रफळ ३३४ चौमिमी, ३/४ चं २८५, ५/८ चं १९८. तुमचं पेडल २५० भागिले ६२, म्हणजे चारास एक आहे. ते बूस्टरवाल्या गाडीचं गुणोत्तर. त्यावर १३/१६ लावला तर पायाला ३१ किलोचा जोर लागेल, ३/४ लावला तर २७. पुशरॉडचं भोक ६२ वरून ४८ मिमीवर आणलं तर गुणोत्तर ५.२ होतं, आणि मग ३/४ ला २१ किलो पुरतात. बूस्टर नसलेल्या गाडीला पाचास एक ते सहास एक असं गुणोत्तर ठेवायची जुनी पद्धत आहे ती याचसाठी. कारच्या ब्रेकच्या आंतरराष्ट्रीय नियमात पेडलवरचा कमाल जोर ५०० न्यूटन, म्हणजे ५१ किलो धरलेला आहे. पण ती कमाल मर्यादा झाली, तिच्या आसपास आपण रोज चालवायचं नाही.

मग ५/८ का नको, १४ किलोतच काम होईल की? इथे सिरिंजची दुसरी बाजू येते. दोन कॅलिपरना पॅड डिस्कला टेकवून दाबायला साधारण १,४५० घनमिमी ऑईल लागेल (प्रत्येक पिस्टन ०.४ मिमी सरकतो असं धरून), मागच्या ड्रमांना ९६० च्या आसपास. बेरीज २,४१० घनमिमी. ३/४ ला त्यासाठी ८.५ मिमी स्ट्रोक लागतो आणि पाय ४४ मिमी खाली जातो. ५/८ ला स्ट्रोक १२.२ मिमी, पाय ६३ मिमी. शिवाय रबरी होज फुगतात, पेडलचा ब्रॅकेट थोडा वाकतो, मागचे लायनर झिजतात. आणि एक सर्किट (ऑईलच्या दोन स्वतंत्र वाटांपैकी एक) फुटलं तर त्या कप्प्याचा पिस्टन रिकामाच पुढे जाऊन टेकतो, तेवढं पेडल आणखी खाली जातं. त्या वेळी पायाखाली जागा उरली पाहिजे. ५/८ मध्ये ती उरेल असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

माझं मत ३/४ इंच, ५.२ गुणोत्तर.

पिथमपूर_चिखल · १६ जानेवारी, दुपारी १२:४५

इंदूरहून लिहितोय. कॉलेजात असताना आमची टीम पिथमपूरच्या बाजात (कॉलेजच्या मुलांनी बांधलेल्या गाड्यांची स्पर्धा) उतरली होती. मी म्हणेन, एका टँडमपेक्षा (एकाच नळीत दोन कप्पे असलेल्या सिलिंडरपेक्षा) दोन स्वतंत्र सिलिंडर लावा आणि मध्ये बॅलन्स बार घाला. पुढच्याला एक व्यास, मागच्याला वेगळा, आणि बार फिरवला की पुढे-मागे वाटणी हवी तशी. स्पर्धेत ब्रेकच्या परीक्षेला चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात. एक जरी फिरत राहिलं तरी पुढे जाऊ देत नाहीत. आम्ही तिथे दोनदा नापास झालो आणि तिसऱ्यांदा बार दोन आटे फिरवून पास झालो. ती सोय टँडममध्ये नाही.

दुसरं, पेडल आणि त्याचा ब्रॅकेट. फॉर्म्युला स्टुडंट या तशाच दुसऱ्या स्पर्धेच्या नियमात ब्रेक पेडलने २,००० न्यूटन सोसले पाहिजेत, म्हणजे जवळजवळ २०० किलो. घाबरलेला माणूस खरोखर तेवढ्याच्या जवळ दाबतो. दादा, तुमचा ब्रॅकेट ३ मिमीच्या पत्र्याचा असेल तर त्याला तिरकी पट्टी द्याच.

निवृत्त_फिटर · १६ जानेवारी, संध्याकाळी ५:२०

ब्रॅकेटचं शंभर टक्के बरोबर. बॅलन्स बारचं पटत नाही.

स्पर्धेच्या गाडीला रोज चार पोरं पाने घेऊन उभी असतात. बारचे जोड सैल झाले, एका बाजूला अडकले, तर लगेच कुणाच्या तरी लक्षात येतं. घरच्या गाडीत ती नजर नसते. बार तिरका होऊन फ्रेमला टेकला की अर्धा ब्रेक गेला. टँडममध्ये दोन कप्पे एकाच नळीत एकामागे एक, अडकायला काही नाही. आणि त्याची किटं आपल्या बाजारात मिळतात. जो भाग मध्यरात्री बिघडला तर सकाळी दुकानात मिळेल, तोच ब्रेकला लावावा.

पिथमपूर_चिखल · १६ जानेवारी, रात्री १०:००

काका, एकट्या माणसाच्या देखभालीचा मुद्दा मान्य. आमच्याकडे खरंच एक मुलगा फक्त बारच बघायचा. मग टँडम घ्या, आणि वाटणीसाठी मागच्या पाइपवर फिरवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा) घाला.

लेथवरची · १७ जानेवारी, सकाळी ११:००

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं लेथचं काम आहे, बाबा आणि मी बघतो. ब्रेकचे ब्रॅकेट, पुशरॉड वगैरे घेऊन लोक येतात, त्यात जे हाताने बघितलंय तेवढं सांगते. व्यासाच्या चर्चेत हे राहून जातं.

बूस्टरवर बसणाऱ्या मास्टरच्या पिस्टनला मागून फक्त उथळ वाटी असते. कारण बूस्टरच्या आतला रॉड सरळ येतो, त्याला धरून ठेवायची गरज नसते. बूस्टर नसलेल्या गाडीच्या मास्टरला मागे खोल भोक असतं, आणि बहुतेकांत पुशरॉड सर्क्लिपने अडकवलेला असतो. पेडल वर्तुळात फिरतं, त्यामुळे रॉड थोडा वर-खाली होतोच. उथळ वाटीत तो निसटला की पेडल जमिनीला आणि ब्रेक शून्य. दोन्ही सिलिंडर शेजारी ठेवले तर बाहेरून सारखे दिसतात. दादा, दुकानात असतानाच मागून करंगळी घालून बघा. बोटाचं पहिलं पेर आत गेलं पाहिजे.

दुसरं, पाइपच्या नटांचे आटे. आपल्याकडच्या जपानी वंशाच्या गाड्यांना एम १०, १ मिमी पिचचे नट असतात. बाहेरून मागवलेल्या ब्रिटिश किंवा अमेरिकन सामानाला बऱ्याचदा ३/८ इंच, इंचाला २४ आटे. ३/८ म्हणजे ९.५ मिमी आणि पिच १.०६, त्यामुळे चुकीचा नट दोन-तीन आटे सहज चढतो आणि मग "जरा घट्ट आहे" म्हणून माणूस पान्याने ओढतो. तो आटा दाबाखाली उपटून येतो. नट बोटांनी शेवटपर्यंत गेला नाही तर थांबायचं. पाइपच्या तोंडाची घडीही तपासा; सुझुकीच्या घराण्यात डबल फ्लेअर असतो, युरोपी गाड्यांचा गोलसर फ्लेअर त्यात ठिबकतो.

पेडलचं भोक ४८ वर आणायचंय ना? मूळ ६२ चं भोक तसंच ठेवून शेजारी नवं पाडू नका, मधे १४ मिमीच राहतात आणि पेडल तिथेच वाकतं. नवा हात कापून आणा, भोकात ब्रॉन्झचा बुश घालून देऊ.

सूरसागर · १७ जानेवारी, रात्री ९:००

ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. रविवारी पेडल घेऊन येतो.

एक शेवटचं: हॅचबॅकचा मास्टर तिरक्या सर्किटचा होता, पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र. माझ्या गाडीला पुढे-मागे अशी वाटणी करू ना?

कलाभवन · १७ जानेवारी, रात्री ९:४०

हो, पुढे-मागेच. तिरकी वाटणी त्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनच्या भूमितीला जुळवून केलेली असते. तुमची भूमिती तुमची स्वतःची आहे; एका बाजूचा पुढचा ब्रेक गेला तर स्टिअरिंग हातातून ओढलं जाईल. आणि चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या गाडीचा मास्टर देऊ लागले तर घेऊ नका. त्यात ड्रमच्या बाजूला थोडा दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. डिस्कला तो लागला तर पॅड कायम घासत राहतात.

निवृत्त_फिटर · १८ जानेवारी, सकाळी ६:३०

टाकी लहान घेऊ नका. पॅड ८ मिमी झिजले की तुमच्या दोन कॅलिपरमध्ये मिळून ५८ मिलि ऑईल जाऊन बसतं. पुढच्या कप्प्याच्या टाकीत त्याहून जास्त मावलं पाहिजे, नाहीतर झिजत्या पॅडबरोबर हवा आत.

आणि मास्टर गाडीवर चढवण्याआधी बाकावर, वाइसमध्ये आडवा धरून भरा. दोन छोट्या नळ्या परत टाकीत सोडा आणि पिस्टन हळूहळू दाबा, बुडबुडे थांबेपर्यंत. न भरता चढवलात तर दिवसभर एअर काढत बसाल.

सूरसागर · ९ फेब्रुवारी, रात्री ११:१५

तीन आठवड्यांनी येतोय. बिडाचा, नवा, ३/४ इंची टँडम मिळाला, बूस्टर नसलेल्या गाडीसाठीचा, दोनच आउटलेट. करंगळीचं पहिलं पेर आत गेलं. ताईंकडून नवा पेडलचा हात आणला, ४८ मिमीवर बुश. ब्रॅकेटला तिरकी पट्टी दिली. बाकावर भरला, एअर काढली, पेडल पहिल्याच दाबाला वर.

आज पहिल्यांदा आवारात चालवली. आयुष्यात विसरणार नाही अशी दहा मिनिटं. आणि मग गाडी जड वाटू लागली. पहिल्या गिअरमध्ये ओढेना, खाली उतरलो तर पुढच्या दोन्ही डिस्कमधून धूर आणि तो जळका वास. हात जवळ नेववत नव्हता. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर चाकं आपोआप मोकळी झाली. परत पाच-सहा वेळा ब्रेक दाबला, परत जाम. कॅलिपर चुकीचे जोडले का मी? मन खट्टू झालंय.

निवृत्त_फिटर · १० फेब्रुवारी, सकाळी ५:५५

मन खट्टू करू नका, दोन्ही चाकं एकदम जाम म्हणजे कॅलिपर नव्हे. परत जाम होईल तेव्हा आधी मास्टरजवळचा पुढच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करा, फडकं धरून. तिथेच चिळकांडी उडून चाकं सुटली तर दोष मास्टरच्या बाजूला. तिथे काही झालं नाही आणि कॅलिपरचा एअर काढायचा निपल उघडल्यावरच चाक सुटलं, तर होज आतून चिकटलाय.

माझा अंदाज सांगतो. पुशरॉड लांब ठेवलाय. टाकीतून बोअरमध्ये सुईच्या टोकाएवढं एक भोक येतं. पाय उचलला की सील त्या भोकाच्या मागे गेलं पाहिजे, म्हणजे गरम होऊन फुगलेलं ऑईल टाकीत परत जातं. रॉडने पिस्टन केसभरही पुढे ढकलून ठेवला तर भोक झाकलेलं राहतं. ऑईल तापतं, फुगतं, वाट नाही, पॅड आपण होऊन आवळत जातात.

सूरसागर · १० फेब्रुवारी, रात्री १०:३०

काका, तसंच निघालं. मास्टरचा नट सैल केला आणि ऑईल फडक्यावर उडालं, दोन्ही चाकं एका क्षणात मोकळी. पेडलला वरच्या बाजूला जराही ढिलाई नव्हती. मला वाटलं होतं, ढिलाई नसणं म्हणजे चांगलं काम. लॉकनट सोडून रॉड आखूड केला, पिस्टनशी १ मिमी फट ठेवली, पायाला ती ५ मिमीएवढी जाणवते. टाकीचं झाकण काढून बायकोला पेडल दाबायला सांगितलं. प्रत्येक वेळी सोडताना टाकीत बारीक कारंजं उडालं. भोक उघडं आहे याची ही खूण ना?

निवृत्त_फिटर · ११ फेब्रुवारी, सकाळी ६:००

हीच. ते पॅड मात्र बदला, एकदा जळले की चकचकीत होतात आणि पकडत नाहीत. ऑईलही बदला.

सूरसागर · २३ फेब्रुवारी, रात्री ८:४५

नवे पॅड, नवं डॉट ४. आज मोजमाप घेतलं. जमिनीवर खडूची रेघ, मोबाइलच्या जीपीएसवर ताशी ४० किमी, रेघेवर ब्रेक. पाच वेळांची सरासरी ९.१ मीटर. पण दर वेळी मागची चाकं आधी लॉक होत होती आणि एकदा शेपटी हातभर बाजूला गेली.

कलाभवन · २३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

९.१ मीटर म्हणजे ०.६९ जी. मागचे ड्रम माणसं आणि सामान भरलेल्या ओम्नीसाठी बनवलेले आहेत, तुमच्या मागच्या २९० किलोला ते जास्तच होतात. मास्टरला हात लावू नका. मागच्या पाइपवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाका आणि पुढची चाकं आधी लॉक होईपर्यंत मागचा दाब अर्ध्या-अर्ध्या आट्याने कमी करा. पुढची आधी लॉक झाली तर गाडी सरळ जाते. मागची आधी झाली तर फिरते.

सूरसागर · ९ मार्च, संध्याकाळी ७:१०

व्हॉल्व्ह बसला. अडीच आटे फिरवल्यावर पुढची चाकं आधी लॉक होऊ लागली. ताशी ४० वरून ८.६ मीटर, पाच वेळा, सगळे फेरे एका वितीच्या आत. शेपटी जागेवर. मित्राने स्टॉपवॉच खाली ठेवलं आणि म्हणाला, आता मला बसव.

आज नव्वद मिनिटं चालवली, डिस्क गरम पण हात धरवतो एवढ्याच. पेडल पहिल्या फेरीला जिथे होतं तिथेच शेवटच्या फेरीला. ताई, पेडलचा बुश जराही हललेला नाही. फिटरकाका, तुम्ही वाघोडिया रोडला राहता असं एकदा लिहिलं होतं. येत्या रविवारी सकाळी आवारात याल का? तुम्ही पेडलवर पाय ठेवून बघावं अशी फार इच्छा आहे. न्यायला मी येतो, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीने.

निवृत्त_फिटर · १० मार्च, सकाळी ५:५०

येतो. आठ वाजता तयार असेन. व्हॉल्व्हच्या लॉकनटवर पेंटची खूण करून ठेवा, तोवर कुणाचा हात लागायला नको.